एका घरात दोन पावत्या

सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये स्क्रीनवर माझा प्लॅन होता आणि त्याच्या पुढचे सगळे आकडे लाल होते. रेगे सर म्हणजे आमचे बिझनेस हेड. ते कधी आवाज चढवत नाहीत, नुसतं पेनचं टोपण काढतात आणि लावतात. त्या दिवशी टोपणाला अजिबात उसंत नव्हती.

"जयश्री, सर्व्हेत लोक हो म्हणाले होते ना?"

"हो सर. जवळजवळ सगळे."

"मग घेत का नाहीत?"

बावीस वर्षं या धंद्यात काढलेल्या बाईला आपल्याच प्लॅनबद्दल गप्प बसावं लागतं तेव्हा काय वाटतं, ते मी सांगत बसत नाही.

मी प्रायसिंगमध्ये आहे. घरी येणाऱ्या टीव्हीचे आणि इंटरनेटचे दर ठरवणं हे माझं काम. लग्नकार्यात नातेवाईक विचारतात, "म्हणजे बिल वाढवतेस ती तूच का?" मी हो म्हणते आणि जेवायला बसते. खरं तर बिल वाढवणं फार सोपं असतं. बिल वाढवून माणूस टिकवणं याचा मला पगार मिळतो. आमची कंपनी मध्यम आकाराची आहे, ऑफिस ऐरोलीत आणि कंट्रोल रूम रबाळ्याला. मी खांदेश्वरला राहते. घरी स्टाफ कनेक्शन असल्यामुळे मला बिलच येत नाही. ज्या बाईला बिल येत नाही तिनं लोकांची बिलं ठरवायची, यात काही चुकतंय हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

प्लॅन काय होता ते सांगते. पूर्वी टीव्हीची केबल वेगळी आणि इंटरनेटची वेगळी असायची. आता एकाच बारीक फायबरमधून दोन्ही येतं. केबल टीव्ही बघणारे कमी होत चाललेत, पण चॅनेलचा आणि देखभालीचा खर्च काही त्या हिशेबानं कमी होत नाही. उरलेल्यांवर तो बोजा पडतो, दर वाढतो, मग आणखी काही लोक सोडून जातात. यातून बाहेर पडायचा रस्ता म्हणजे बंडल. इंटरनेट, टीव्हीचे चॅनेल आणि दोन-तीन ओटीटी ॲप, सगळं मिळून एक प्लॅन आणि एक बिल. वेगवेगळं घेण्यापेक्षा बऱ्यापैकी स्वस्त. पुढे नुसता टीव्ही विकायचाच नाही, असं वरून ठरत आलं होतं.

आधी एका भागात करून बघायचं होतं. याला आमच्याकडे पायलट म्हणतात. भाग निवडला तो हरेशदादांचा.

हरेशदादा आमचे लोकल केबल ऑपरेटर. म्हणजे सिग्नल कंपनीचा, पण तारा आणि ओळखीपाळखी त्यांच्या. खाडीकाठच्या गावातलं जुनं घराणं. शेती नव्या शहरासाठी गेली तेव्हा हरेशदादा विशीत होते. त्यांनी गच्च्यांवरून केबल ओढायला सुरुवात केली आणि ऐरोलीचा एक सेक्टर आणि शेजारचं गावठाण एवढा एरिया उभा केला. पायलटची अट कडक होती. तीन महिन्यांत टीव्हीवाल्या निम्म्या घरांनी बंडल घेतलं पाहिजे. नाही घेतलं तर त्या भागातला टीव्ही बंद करायचा आणि इंटरनेट कंपनीनं परस्पर विकायचं. मग हरेशदादांकडे काहीच उरणार नव्हतं. ही अट ज्या कागदावर होती त्यावर माझीही सही होती.

आता दोन महिने होत आले होते आणि आम्ही पाव घरांपर्यंतही पोहोचलो नव्हतो.

मीटिंग संपल्यावर मी रिपोर्ट उघडून बसले. एक गोष्ट विचित्र होती. लोक प्लॅन बुक करत होते. ॲपवर, व्यवस्थित, स्वतःहून. पण आमचा टेक्निशियन नवा सेट-टॉप बॉक्स घेऊन घरी गेला की काम न होताच परत येत होता. टेक्निशियनला मोबाईलवर कारण निवडावं लागतं. दर ओळीत एकच कारण होतं, 'कस्टमर नॉट रेडी'. ज्या माणसानं स्वतः बुकिंग केलंय तो दोन दिवसांत नॉट रेडी कसा होतो, ते मला कळेना.

मी हरेशदादांना फोन लावला.

"मॅडम, हापिसात बसून काय समजनार? एकदा या. बॉक्स घेऊन पोरं जातात ना, त्यांच्यासंगती या."

शनिवारी अकरा वाजता मी, हरेशदादा आणि आमचा एक टेक्निशियन सेक्टरमधल्या एका सोसायटीत गेलो. पहिल्या घरात एका आजोबांनी दार अर्धं उघडलं. मुलगा घरी नाही, नंतर या, म्हणाले. आतून मुलाचा मीटिंगमधला आवाज स्पष्ट येत होता. दुसऱ्या घरात एका बाईंनी आज अमावास्या आहे म्हणून सांगितलं. हरेशदादा जिन्यात मला म्हणाले, "अमावास्या मागच्या आठवड्यात झाली." टेक्निशियननं निमूटपणे दोन्ही ठिकाणी 'नॉट रेडी' दाबलं.

तिसरं घर कांबळे मावशींचं. मावशी मूळच्या जालन्याकडच्या. रबाळ्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी नोकरी केली, आता रिटायर. मुलगा निलेश इथल्याच एका आयटी पार्कमध्ये. बुकिंग निलेशचं होतं. मावशींनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि टेक्निशियन टीव्हीच्या दिशेनं निघाल्यावर एकच शब्द बोलल्या.

"थांब."

तो थांबला. मी पुढे झाले. "मावशी, मी कंपनीतून आले आहे. यात तुमचे पैसे कमी होतात. दोन्ही मिळून एकच—"

"कुणाचे कमी होतात?"

"तुमच्या घराचे."

"घर कुठं पैशे भरतं, मॅडम? इंटरनेटचे निलेश भरतो. टीव्हीचे मी भरते." त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. तिथं खिळ्याला एक वाकवलेली तार होती आणि त्या तारेत हरेशदादांच्या पावत्या ओवलेल्या होत्या, जुन्या खाली आणि नव्या वर. "आता तुम्ही दोन्ही एक करनार. मंग बिल येनार निलेशच्या मोबाईलवर. मी काय देऊ? त्याच्या हातात देऊ गेले तर घेतो का तो? घेत नाही."

मी म्हटलं, "मग बरंच झालं की मावशी. मुलगा भरेल. तुमचे वाचले."

हे वाक्य बोलल्याची मला आजही लाज वाटते.

"भरल ना. भरायचं काही नाही, लेकरू चांगलंय माझं. पन मंग टीव्ही त्याचा झाला." त्या जराही चिडल्या नव्हत्या. मला समजेल असं सांगत होत्या. "कँटीनमधी पोळ्या लाटून टीव्ही घेतलाय मी. नातीला कार्टून बघायचं असलं की रिमोट देते. सुनंला बघायचं असलं की देते. पन देते मी. समजलं का?"

एवढ्यात निलेश गळ्यात हेडफोन अडकवून बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं असावं. "आई, हे तू मला कधी बोलली नाहीस."

"तू इचारलं का? कंपनीनं तुला इचारलं, तू हो म्हनला."

"अगं, एकच बिल, सोपं पडेल म्हणून म्हणालो."

"तुझं सोपं. मागं तुझं बिल ऱ्हायलं तवा चार दिवस नेट बंद होतं का नाही? तुझं भागलं मोबाईलवर. एकच बिल असतं तर माझा टीव्ही बी गेला असता."

"ते कार्ड एक्स्पायर झालं होतं," निलेश पुटपुटला. पण तो आईकडे बघत नव्हता.

मी तिथं सोफ्यावर बसून मनातल्या मनात सर्व्हे तपासत होते. आम्ही सर्व्हे फोनवर घेतला होता. फोन कुणाला केले? रजिस्टर्ड मोबाईल नंबरवर. रजिस्टर्ड नंबर कुणाचा? ज्यानं इंटरनेट घेतलं त्याचा. म्हणजे मुलाचा, जावयाचा, क्वचित सुनेचा. टीव्हीचं काय करायचं हे आम्ही अशा लोकांना विचारलं होतं जे टीव्ही बघतही नव्हते आणि त्याचे पैसेही भरत नव्हते. ते आनंदानं हो म्हणाले. पंधरा पानी रिपोर्टमध्ये ज्यांचा टीव्ही होता त्यांच्यातला एकही माणूस नव्हता. तो सर्व्हे मीच डिझाईन केला होता आणि त्याबद्दल मला मेमेंटोही मिळाला होता.

जिना उतरताना मी हरेशदादांना विचारलं, "दादा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"माहीत हाय. पावती मीच फाडतो ना. अर्ध्या घरात म्हातारी मानसं टीव्हीचं देतात, पोरगा नेटचं देतो."

"मग मला फोनवर सांगितलं का नाही?"

"तुमी कंपनीची मानसं. बोललो असतो तर तुमी बोलला असता, हरेश बहाने देतो. आनि कागदाची पावती बंद करा, हे सर्क्युलर पन तुमचंच हाय. मी चोरून फाडतो." ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "हे बगा मॅडम, एरिया गेला तर मी उपाशी नाय मरनार. गावात चार खोल्या हायेत, भाडं येतं. पन रोज सकाली उठून जायाचं कुठं? घरात बसून मी काय करू, सांगा."

सहीवाला कागद डोळ्यांसमोर होता.

सोमवारी मी आयटीतल्या प्रदीपकडे गेले. प्रदीप आमची बिलिंगची सिस्टिम सांभाळतो आणि कुठल्याही प्रश्नाचं पहिलं उत्तर नाही असंच देतो. मी म्हटलं, एका घरात एकच बंडल, पण बिलं दोन हवीत. टीव्हीचं एकाच्या नावे, इंटरनेटचं दुसऱ्याच्या नावे. दोघांना सवलत. एकाचं बिल राहिलं तर दुसऱ्याचं बंद पडता कामा नये.

"सिस्टिम अलाऊ करत नाही, मॅडम. एक कस्टमर आयडी, पैसे भरणारा एकच."

"बदलायला किती वेळ?"

"सहा महिने. अप्रूव्हल आलं तर."

माझ्याकडे चार आठवडे होते. मी जेवायला गेले आणि डबा न उघडता परत आले. मला एक गोष्ट आठवली होती. घरून काम सुरू झालं तेव्हा इथल्या काही कंपन्यांनी आपल्या स्टाफच्या घरच्या इंटरनेटचे पैसे भरायला सुरुवात केली. कंपनी नेटचे भरायची, टीव्हीचे तो माणूस स्वतः भरायचा. म्हणजे एका घरात, एका आयडीवर दोन पैसे भरणारे. ती सोय प्रदीपनंच करून दिली होती.

"ते कॉर्पोरेटसाठी आहे, मॅडम," प्रदीप म्हणाला.

"मग कांबळे मावशींना कॉर्पोरेट करून टाक."

तो खुर्ची ओढून बसला, दहा-पंधरा मिनिटं कीबोर्ड बडवला आणि म्हणाला, "होतंय." आमच्या ऑफिसात प्रदीपच्या तोंडून हा शब्द ऐकलेली माणसं थोडी आहेत.

आता रेगे सर. त्यांच्या केबिनमध्ये फायनान्सचे दोघेही बसलेले होते.

"दोन बिलं द्यायची तर बंडल कसलं?" सरांनी टोपण काढलं.

"सर, बंडलमध्ये आपला खर्च कुठे वाचतो? वायर एक लागते, बॉक्स एक, टेक्निशियनची फेरी एक. ते सगळं तसंच राहतंय. बिलाचा मेसेज एक गेला काय आणि दोन गेले काय, आपल्याला फरक काय पडतो?"

फायनान्सवाल्यांपैकी एकानं विचारलं, "पण एकानं नाही भरलं तर दुसऱ्याची सेवा तोडायचा धाक राहत नाही."

"टीव्हीचे पैसे न भरणारे म्हातारे किती आहेत, ते जुन्या नोंदीत बघा," मी म्हटलं. "ते पहिल्या आठवड्यात भरतात. राहतात ती पोरांची बिलं."

त्यानं लॅपटॉपवर बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

"आणि सर, कागदाची पावती परत सुरू करायची आहे."

"ते सर्क्युलर तूच काढलं होतंस ना?"

"हो. चूक होती. मागे घेते."

टोपण लागलं. "चार आठवडे उरलेत. तेवढेच. नंतर माझ्याकडे यायचं नाही."

आम्ही फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली: 'टीव्हीचं बिल कोण भरणार? नाव आणि मोबाईल नंबर.' बाकी प्लॅन होता तोच होता. एका रुपयाचाही फरक नव्हता. हरेशदादांनी टेक्निशियनना एवढंच बजावलं, "आधी घरातल्या म्हाताऱ्या मानसाला इचारायचं, मंग मशिनला हात लावायचा." मी दर शनिवारी त्यांच्याबरोबर फिरले. अमावास्येवाल्या बाईंकडे पुन्हा गेलो. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि स्वतःचं नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट. नवऱ्याचं नाही, वडिलांचं. एका घरी सून म्हणाली, "मग माझं ओटीटी माझ्या नावावर करून द्या." सिस्टिममध्ये दोनच जागा होत्या. मी तिची माफी मागितली, पण मागणी वहीत लिहून घेतली.

निलेशनं मला ऑफिसच्या नंबरवर फोन केला. म्हणाला, "मॅडम, आमचं पुन्हा बुक करतो. आईचं बिल आईलाच पाठवा." मग म्हणाला, "मी इतकी वर्षं तिला म्हणायचो, तू कशाला देतेस, राहू दे. मला वाटायचं मी चांगला वागतोय." मी त्याला सोमवारचा स्लॉट दिला.

सेक्टरचं काम पटापट झालं. गावठाण मात्र अडलं. तिथं निम्मी घरं हरेशदादांच्या भावकीतली, आणि घरच्या माणसाचं ऐकायची कुणाला घाई नसते. दादांचे एक चुलते तर म्हणाले, "तुला माज्याकडनं पैशे पायजेत तर सरल माग, मशिन कशाला बदलतो?" शेवटचे पाच दिवस राहिले तेव्हा आम्हाला वीस-बावीस घरं कमी पडत होती. शेवटी मी एकटी गेले, हरेशदादांना न घेता. चुलत्यांना पावती दाखवली, तिच्यावर त्यांचं नाव दाखवलं, आणि अट खरी काय आहे तेही सांगितलं. निम्मी घरं झाली नाहीत तर हरेशचा एरिया जाईल. ही गोष्ट दादांनी भावकीत कुणालाच सांगितली नव्हती. चुलत्यांनी पावती उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाले, "येडा हाय तो. बोलाचं ना आदी." संध्याकाळपर्यंत गावठाणातून इतकी बुकिंग आली की मला रबाळ्याहून दोन जादा टेक्निशियन मागवावे लागले.

मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही निम्म्याच्या पुढे होतो, आणि निसटतं नाही, चांगलं पुढे. रेगे सरांनी आकडे तीनदा तपासून घेतले. मग हरेशदादांच्या एरियाचा करार पुढे चालू ठेवायच्या कागदावर सही केली. सही मीही केली, आणि या वेळी आधी कागद नीट वाचला.

मी हरेशदादांना फोन केला. वाटलं, माणूस काहीतरी बोलेल. ते म्हणाले, "बरं झालं. मॅडम, सेक्टरच्या कोपऱ्यावरचा जोड खराब झालाय, तुमचा मानूस कदी पाठवता?"

मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला. उगाच नम्रपणा करत नाही. बावीस वर्षांत मी कितीतरी दर ठरवले, त्यातले काही गाजले, काही पडले. पण दर अजिबात न बदलता फक्त कुणाला विचारायचं ते बदलून एक अख्खा एरिया वाचवला, असं माझ्या हातून पहिल्यांदाच झालं. आता तो प्लॅन कंपनीच्या सगळ्या भागांत चालतो. मार्केटिंगनं त्याला भारी इंग्रजी नाव दिलंय, जाहिरातीत हसतं कुटुंब आहे. ऑपरेटर मंडळी त्याला 'दोन पावत्यावाला' म्हणतात आणि माणसं तेच नाव सांगून मागतात.

मला हल्ली नव्या पोरांना ट्रेनिंग द्यायला बोलावतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, टीव्ही आणखी किती वर्षं चालेल? मी सांगते, मला माहीत नाही. पुढे चॅनेल कशातून येतील, बॉक्स राहील की जाईल, हे सांगणारे हुशार लोक पुष्कळ आहेत. मला एवढंच कळलंय की हे घर किती देईल असं विचारून दर ठरवू नये. घरातलं कोण देईल ते विचारावं, आणि ज्याचा फोन नंबर आपल्याकडे आहे तोच देणारा असं धरून चालू नये.

परवा नव्या सर्व्हेचे निकाल आले. या वेळी फोन टीव्हीचं बिल भरणाऱ्यांनाही गेले होते. कांबळे मावशींचं उत्तर मी मुद्दाम शोधलं. कॉल सेंटरच्या मुलीनं शब्दशः टाईप केलं होतं: 'टीव्ही चांगला दिसतो. दर लई हाये. कमी करा. आन् ते खेळाचे चॅनेल काढा, मी बघत नाही, त्याचे पैशे का द्यायचे.'

रेगे सरांनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं. "घे. एवढं सगळं करून शेवटी तक्रारच."

"सर," मी म्हटलं, "इतकी वर्षं आपल्या यादीत त्या नुसत्या ग्राहकाच्या आई होत्या. आता त्या ग्राहक आहेत. ग्राहक असंच बोलतो."